एका म्यानात दोन तलवारी राहतात

एकाच भांड्यात दोन-तीन उत्प्रेरक घालायचे, ते हवे तेव्हा चालू-बंद करायचे आणि त्यातून नवे रेणू, नवे पदार्थ घडवायचे, असा विषय निघाला की कारखान्यात उभी हयात घालवलेले कोणीतरी हमखास म्हणते, ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.’ लोक हसतात, माना डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. म्हण चांगली आहे. पण म्हण म्हणजे पुरावा नव्हे, आणि या बाबतीत पुरावा म्हणीच्या नेमका विरुद्ध बाजूला आहे.

आधी आक्षेप त्याच्या पूर्ण ताकदीने मांडू. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेला वेग देतो, दिशा देतो. पण प्रत्येकाचे पथ्य निराळे. एकाला हाडासारखे कोरडे द्रावक लागते, दुसऱ्याला पाण्यावाचून चालत नाही. एक आम्लात फुलतो, दुसरा आम्लाच्या स्पर्शाने मरतो. एकातला नायट्रोजन दुसऱ्यातल्या धातूला जाऊन चिकटतो आणि दोघेही निकामी होतात. दोघांना झेपेल असे मधले तापमान निवडावे, तर दोघेही अर्धपोटी माणसासारखे काम करतात. वर बॅच बिघडली की दोष कोणाचा, हे शोधण्यात आठवडा जातो. त्यापेक्षा पहिली अभिक्रिया एका रिअ‍ॅक्टरमध्ये उरकावी, माल गाळून सुकवावा आणि दुसरी दुसऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये लावावी. बाकी सगळी शोधनिबंधांसाठी केलेली कसरत.

यातल्या अडचणी खऱ्या आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे, कारण त्याखाली एक न बोललेले गृहीतक दडले आहे: उत्प्रेरक एकत्र आणण्याचा हेतू भांडी आणि पायऱ्या वाचवणे एवढाच असतो. तेवढाच हेतू असता, तर मीही वेगळ्या भांड्यांच्या बाजूने मत दिले असते. पण काही रेणू आणि काही पदार्थ एकामागून एक पायऱ्या चढून मिळतच नाहीत. ते दोन उत्प्रेरक एकाच वेळी, एकाच जागी राबत असतानाच जन्माला येतात. भांडी वाचतात हा वरचा फायदा.

२००६ साली ‘सायन्स’मध्ये डाऊ केमिकलच्या डॅनियल अरिओला आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. कच्चा माल अगदी ओळखीचा: एथिलीन आणि ऑक्टीन. या दोघांच्या साखळ्या गुंफून पॉलिमर करता येतो. साखळीत ऑक्टीन जितके जास्त, तितका पॉलिमर मऊ आणि लवचीक, पण तितकाच कमी तापमानाला वितळणारा. मऊपणा हवा तर उष्णता सोसण्याची ताकद सोडा, असा हा सौदा होता. अरिओला यांच्या गटाने एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये दोन उत्प्रेरक सोडले. एक झिर्कोनियमचा. तो ऑक्टीनला फारसा जवळ करत नाही, म्हणून त्याने विणलेला भाग कठीण होतो. दुसरा हाफ्नियमचा. तो ऑक्टीन भरपूर उचलतो, म्हणून त्याचा भाग मऊ. एवढ्यावरच थांबले असते, तर कठीण साखळ्या आणि मऊ साखळ्या यांची नुसती भेसळ हाती आली असती. त्यांनी तिसरा गडी आणला: डायएथिल झिंक. हे झिंक वाढती साखळी एका उत्प्रेरकावरून उचलते, काही काळ स्वतःपाशी ठेवते आणि दुसऱ्याच्या हवाली करते. साखळी अशी इकडून तिकडे फिरत राहते. शेवटी प्रत्येक साखळीत कठीण तुकडा, मग मऊ, मग पुन्हा कठीण अशी रचना तयार होते. मऊ तुकड्यांमुळे पदार्थ रबरासारखा ताणला जातो आणि कठीण तुकड्यांमुळे १२० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत वितळत नाही. जुना सौदा मोडला. ‘इन्फ्यूज’ या नावाने हा पदार्थ बाजारात आला आणि पादत्राणांच्या फोममध्येही वापरला जाऊ लागला.

आता वेगळ्या भांड्यांच्या पुरस्कर्त्यांनी हे दोन रिअ‍ॅक्टरमध्ये करायला घ्यावे. कठीण पॉलिमर एकात, मऊ दुसऱ्यात, मग दोन्ही वितळवून घुसळा. मिळेल ते मिश्रण, कारण कठीण आणि मऊ तुकडे एकाच साखळीत जोडलेले नाहीत. पायऱ्या कितीही वाढवल्या तरी ही जोडणी घुसळून होत नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवेल आणि ते बरोबरच आहे. तुकड्यातुकड्यांच्या साखळ्या एकाच उत्प्रेरकानेही करता येतात. आधी एक कच्चा माल द्यायचा, तो संपला की दुसरा. कॉर्नेल विद्यापीठातील जेफ्री कोट्स आणि मिनेसोटातील फ्रँक बेट्स यांच्या गटांनी २०१७ मध्ये याच वाटेने पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे तुकडे एका साखळीत जोडले. एरवी एकमेकांना न धरणारी ही दोन प्लास्टिके त्या साखळ्यांमुळे घट्ट चिकटली. काम पहिल्या प्रतीचे आहे. पण या पद्धतीत उत्प्रेरकाच्या एका केंद्रावर एकच साखळी वाढते. उत्प्रेरक तिथे जवळजवळ कच्च्या मालासारखा खर्ची पडतो. झिंकच्या ये-जा करण्याने डाऊच्या रिअ‍ॅक्टरमध्ये एकेक केंद्र अनेक साखळ्या विणते. प्लास्टिकचा धंदा टनांचा असतो, आणि तिथे हा फरक निर्णायक ठरतो.

हा एखादा अपवाद आहे असे कोणी म्हणेल, म्हणून थोडे मागे जाऊ. १८९४ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस फिलिप्स यांनी पाहिले की एथिलीन पॅलेडियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की पॅलेडियम धातू खाली बसतो. एथिलीनचे ॲसिटाल्डिहाइड होते, ते उपयोगाचे आहे. पण प्रत्येक रेणूमागे पॅलेडियमचा एक अणू बाद होत असेल, तर असली अभिक्रिया कोण चालवणार? सहा दशकांहून अधिक काळ ती पुस्तकात पडून राहिली. मग जर्मनीत वाकर कंपनीच्या संशोधन संस्थेत युर्गेन स्मिट आणि सहकाऱ्यांनी त्याच भांड्यात कॉपर क्लोराइड घातले. बाद झालेल्या पॅलेडियमला तांबे पुन्हा कामावर आणते आणि थकलेल्या तांब्याला हवेतला ऑक्सिजन. १९५९ मध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि तिच्यावर मोठाले कारखाने उभे राहिले. पॅलेडियमचे काम आधी आणि तांब्याचे नंतर, वेगळ्या भांड्यात, असा हट्ट धरला असता तर आधी ढीगभर पॅलेडियम बाद करावे लागले असते. ज्या उद्योगातले लोक ही म्हण सांगतात, त्याच उद्योगात दोन धातूंची ही जोडी साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. हे विसरले जाते याचे मला जास्त आश्चर्य वाटते.

आणखी एक उदाहरण औषधांच्या जवळचे आहे. अनेक रेणू डाव्या आणि उजव्या हातासारख्या दोन रूपांत असतात, आणि औषधाला बहुधा एकच रूप हवे असते. दोन्हींच्या सारख्या मिश्रणातून एक रूप वेगळे काढायला लायपेज हे एन्झाइम उत्तम. पण नको असलेले अर्धे रूप शिल्लक राहते, म्हणून उतारा कमाल ५० टक्के. कितीही निगुतीने काम केले तरी ५१ होत नाही. १९९०च्या दशकात ब्रिटनमधील जोनाथन विल्यम्स आणि स्वीडनमधील यान-एर्लिंग बॅकव्हाल यांच्या गटांनी एन्झाइमच्या शेजारी धातूचा उत्प्रेरक ठेवला. बॅकव्हाल यांनी रुथेनियम वापरले. धातू नको असलेल्या रूपाचे सतत दोन्ही रूपांत रूपांतर करत राहतो आणि एन्झाइम त्यातले हवे ते टिपत राहते. मर्यादा ५० वरून १०० वर गेली. सजीवातून आलेले नाजूक एन्झाइम आणि धातूचे संयुग, याहून विजोड जोडी शोधूनही सापडणार नाही. ती चालली, आणि नीट चालली.

माझ्या मते या सगळ्यात देखणे काम २०१३ मधले, झुरिकच्या ईटीएचमधील एरिक कॅरेरा यांच्या गटाचे. रेणूत शेजारी शेजारी दोन असे कार्बन असले, ज्यांची मांडणी डावी किंवा उजवी असू शकते, तर एकूण चार रूपे होतात. एकच उत्प्रेरक वापरला की बहुधा एका कार्बनची मांडणी दुसऱ्यालाही आपल्या मागे ओढते, त्यामुळे चारांपैकी काही रूपे सहज मिळतात आणि काही हटवादीपणे मिळत नाहीत. कॅरेरा यांनी इरिडियमचा एक आणि अमाइनचा एक असे दोन उत्प्रेरक एकाच भांड्यात घातले. एका कार्बनवर इरिडियमचा अंमल, दुसऱ्यावर अमाइनचा. दोघांचीही डावी-उजवी आवृत्ती उपलब्ध होती, म्हणून जोड्या चार. त्याच कच्च्या मालातून, त्याच परिस्थितीत, फक्त जोडी बदलून चारही रूपे मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी हीच युक्ती गांजातल्या टीएचसी या द्रव्यावर चालवली आणि त्याची चारही रूपे तयार केली. दोन उत्प्रेरक एकमेकांच्या कामात ढवळाढवळ का करत नाहीत, याची गणिती उकल २०१५ मध्ये मुंबईत झाली. पवईच्या आयआयटीतील राघवन सुनोज आणि बंगारू भास्करराव यांनी या अभिक्रियेतल्या संक्रमण अवस्था संगणकावर मांडून दाखवल्या. म्हणजे हे शास्त्र आपल्याला परके नाही; त्याच्या गाभ्याशी इथल्या माणसांनी हात घातला आहे.

आता म्यानाचा प्रश्न. दोन उत्प्रेरक एकमेकांना मारतात, हे अनेकदा खरे असते. पण रसायनशास्त्रज्ञ ते मुकाट्याने पाहत बसलेले नाहीत. १९८१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील अब्राहम पॅचोर्निक आणि सहकाऱ्यांनी परस्परांचा नाश करणारी अभिकर्मके वेगवेगळ्या पॉलिमरवर बांधून एकाच भांड्यात नांदवली आणि त्या अभिक्रियांना ‘लांडगा आणि कोकरू’ असे नाव दिले. लहान रेणू दोघांकडे जाऊन येतात. पण बांधलेले दोघे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. पुढे २००५ मध्ये झाँ फ्रेशे यांच्या गटाने आम्ल एका ताऱ्याच्या आकाराच्या पॉलिमरच्या गाभ्यात आणि अल्कली दुसऱ्याच्या गाभ्यात कोंडून दोघांकडून एकाच द्रावणात काम करून घेतले. जीवसृष्टी हेच करते. ट्रिप्टोफॅन सिंथेज या एन्झाइमच्या पोटात दोन कार्यस्थळांना जोडणारा सुमारे अडीच नॅनोमीटर लांबीचा बोगदा आहे. एका टोकाला तयार झालेला इंडोल बाहेर न पडता त्यातून थेट दुसऱ्या टोकाला जातो.

जीवसृष्टीचे नाव काढले की आपल्याच बाजूचे काही उत्साही लोक मला अडचणीत आणतात. पेशीत हजारो अभिक्रिया एकत्र चालतात, तेव्हा फ्लास्कमध्येही चालतील, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो भोंगळ आहे. पेशीला अब्जावधी वर्षे मिळाली, तिला उतारा विचारणारा कोणी नव्हता, आणि तिच्या बहुतेक उत्प्रेरकांना पाणी आणि शरीराचे तापमान सारखेच मानवते. एन्झाइमांच्या साखळ्या धातूंच्या साखळ्यांपेक्षा पुढे गेल्या, त्याचे कारणही बरेचसे हेच. २०१९ मध्ये मर्क कंपनीने एचआयव्हीवरचे इस्लाट्राविर हे औषधी द्रव्य नऊ एन्झाइमांच्या मदतीने बनवून दाखवले. त्यातली पाच प्रयोगशाळेत मुद्दाम उत्क्रांत करून घेतलेली होती. मधले पदार्थ वेगळे न काढता काम झाले, पायऱ्या आधीच्या पद्धतींच्या निम्म्यांहून कमी आणि एकूण उतारा ५१ टक्के. औषध कंपनीने शोधनिबंधासाठी कसरत केली, असे म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

राहिला ‘ताब्यात ठेवता येणारे’ उत्प्रेरक हा भाग. इथे मात्र आक्षेपकर्त्यांना मी थोडी जागा देतो. बेन फेरिंगा यांनी २०११ मध्ये प्रकाशाने आणि उष्णतेने फिरणाऱ्या रेणूला उत्प्रेरक बनवले. पहिल्या अवस्थेत तो दोन्ही रूपांचे सारखे मिश्रण देतो, प्रकाश टाकला की एक रूप जास्त, उष्णता दिली की दुसरे. कल्पना अफाट. पण हव्या आणि नको असलेल्या रूपांचे प्रमाण जेमतेम ७५:२५च्या आसपास. असा उत्प्रेरक औषधाच्या कारखान्यात कोणी लावणार नाही. फेरिंगा यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते रेण्वीय यंत्रांच्या मोठ्या कामाबद्दल, या उताऱ्याबद्दल नव्हे. दिव्याने चालणाऱ्या प्रत्येक उत्प्रेरकाला उद्योगक्रांती म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

तरीही नियंत्रणाची गोष्ट इथे संपत नाही. २००६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील व्हर्नन गिब्सन, निकोलस लाँग आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियमच्या उत्प्रेरकाला फेरोसीनचे गट जोडले. फेरोसीनमधले लोह एक इलेक्ट्रॉन सहज देते आणि सहज परत घेते. त्यामुळे लॅक्टाइडपासून पॉलिमर बनण्याचा वेग कमी-जास्त करता आला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पाउला डायाकोनेस्कू यांच्या गटाने २०१४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. इलेक्ट्रॉन असताना उत्प्रेरक लॅक्टाइड जोडतो, काढून घेतला की कॅप्रोलॅक्टोन. दोन्ही कच्चे माल पहिल्यापासून एकाच भांड्यात, आणि साखळीत पुढे काय जोडले जाईल हे बाहेरून ठरवायचे. प्रत्येक बदलासाठी रसायन घालावे लागते आणि त्याचा गाळ साचतो, हा आक्षेप तेव्हा रास्त होता. २०१८ मध्ये बॉस्टन कॉलेजातील जेफ्री बायर्स यांच्या गटाने लोहाचा उत्प्रेरक थेट विजेने फिरवून लॅक्टाइड आणि इपॉक्साइड यांचे तुकडे जोडले. रसायनाच्या जागी इलेक्ट्रोड आला. हे अजून फ्लास्कच्या मापाचे आहे, मोठ्या टाकीच्या नव्हे. पण अडचण सांगितली आणि चार वर्षांत तिच्यावर उपाय आला, या शाखेला खेळणे कसे म्हणायचे?

एक अडचण मात्र मला गंभीर वाटते आणि ती आक्षेपकर्ते क्वचितच मांडतात. औषधात धातूचे अवशेष किती चालतात याला मर्यादा आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमला आंतरराष्ट्रीय नियमानुसार दिवसाला १०० मायक्रोग्रॅम एवढीच मुभा. दोन धातू वापरले की दोघांचा माग काढावा लागतो, दोघे काढून टाकावे लागतात, आणि पायऱ्या वाचवून झालेली बचत त्यातच परत खर्ची पडू शकते. वाद घालायचा तर इथे घालावा. यातला हिशेब रेणूगणिक बदलतो आणि तो कागदावर मांडता येतो.

आपल्याकडे याच्या जोडीला आणखी एक सूर लागतो: हे श्रीमंत देशांचे चोचले, आपण स्वस्त औषधे आणि रंगद्रव्ये बनवावीत. मला हे उलटे दिसते. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांत एक किलो मालामागे पाच किलोपर्यंत कचरा होतो, औषधांत मात्र २५ ते १०० किलो आणि त्याहूनही जास्त. त्यातला मोठा वाटा प्रत्येक पायरीनंतर माल वेगळा काढताना वापरलेल्या द्रावकांचा. तळोजा, अंबरनाथ, लोटे-परशुराम, कुरकुंभ इथे सांडपाण्याच्या तक्रारी नव्या नाहीत. वेगळ्या भांड्यांचा शहाणपणा स्वस्त वाटतो, कारण त्याचा बराचसा खर्च खाडीच्या आणि नदीच्या नावावर पडतो. आणि क्षमता नाही म्हणावे, तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून, आणि पवईच्या कामाचा उल्लेख वर आलाच आहे.

प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवर आणि कंपन्यांच्या संशोधन बैठकांत बसणाऱ्यांना म्हणून एक विनंती. बहु-उत्प्रेरकांच्या प्रस्तावावर ‘अव्यवहार्य’ असा शेरा जरूर मारा. पण शेजारी एवढे लिहा की कोणता उत्प्रेरक कोणाला मारतो, कुठल्या टप्प्यावर, आणि दोघांना वेगळे ठेवण्याचा कोणता उपाय तपासून पाहिला. हे लिहिता येत नसेल तर शेरा खोडावा.